आलात साहेब? बसा!

मी एक उशी बोलतेय. डोक्याखालची नव्हे, बुडाखालची. हसलात ना? हसा, हसा. डोक्याखालच्या उशीला म्हणे माणसाची स्वप्नं कळतात. मला त्याची चुळबूळ कळते, आणि खरा माणूस चुळबुळीतूनच कळतो.

माझा मालक सोफे-खुर्च्या भरून देणारा कारागीर. दिवसभर लोकांच्या खुर्च्या नव्या करायचा आणि घरी येऊन स्वतःच्या फाटक्या खुर्चीत पडायचा. त्या खुर्चीची गादी म्हणजे पूर्वजन्मीची मी. संध्याकाळ झाली की त्याच्या हातात ग्लास यायचा, सोबतीला दोस्त यायचे. माझ्यावर इतकी सांडली, की माणसाऐवजी मीच झिंगायची!

एकदा त्याच्या लेकीने रंगवलेलं चित्र माझ्यावर वाळत ठेवलं होतं. हा ग्लासासकट त्यावर बसला. रंग मला लागला, पण ओरखडा बायकोच्या काळजावर उठला. आदळआपट नाही की रडारड नाही. तिने पोरीला घेतलं आणि भावाचं घर गाठलं. जाताना दारातून म्हणाली, "तुमचे दोस्त आणि तुम्ही, सुखाने नांदा. ते या घरातून कायमचे गेले की मला सांगा. तोवर नाही."

तेव्हा तो हलला. आपल्या पायाने व्यसनमुक्ती केंद्रात गेला. घराची किल्ली शेजारच्या मावशींकडे. मावशी मनाने लोणी, पण कान कायम भिंतीला. जिन्यात सगळे त्यांना पाठीमागे 'दुर्बीण' म्हणतात. कुंड्यांना पाणी घालायला यायच्या आणि जाता जाता आमची कपाटंही तपासून जायच्या. धूळ खात पडलेल्या मला तेवढीच सोबत.

तो परतला आणि आल्या आल्या कात्री घेऊन खुर्ची उसवायला बसला. म्हटलं, भरले माझे दिवस! पण त्याने माझ्यातला काथ्या धुतला, उन्हात वाळवला, बोटांनी मोकळा केला, आणि निळ्या जाड कापडात ठासून मला गोल शिवलं. रंग लागलेला जुना तुकडा मात्र टाकला नाही. तो माझ्या तळाशी लावला.

केंद्रात एक भन्ते यायचे. त्यांनी सांगितलं होतं, "तलफ आली की तिच्याशी मारामारी करू नकोस. बुद्धांनी तरी मोहाशी कुठे मारामारी केली? नुसतं ओळखलं. तूही ओळख, श्वासाकडे बघत बस. आलेली जातेच."

तेव्हापासून सकाळी तो माझ्यावर बसून पंचशील म्हणतो. पहिली चार शीलं झरझर. पाचवं, नशेपासून दूर राहण्याचं, ते मात्र एकेक शब्द तोलून. मग म्हणतो, "आजचा दिवस."

कसोटी संध्याकाळची. जुनी वेळ झाली की त्याच्या मांड्या थरथरायच्या, मला सगळं कळायचं. मग त्याने आपल्या डोक्याने एक युक्ती काढली. समोर पाण्याचे दोन ग्लास ठेवायचा, एक स्वतःला, एक पाहुण्याला. आणि मोठ्याने म्हणायचा, "आलात साहेब? बसा. तुमची वेळ झालीच होती. पाणी घ्या. दुसरं काही मिळायचं नाही हं!" मग डोळे मिटून श्वास मोजायचा. थरथर थांबली, की पाहुण्याच्या वाटचं पाणीही स्वतःच पिऊन टाकायचा.

इकडे तो केंद्रात राहून आल्याचं कळल्यावर बायकोचं मन वळलं होतं. येत्या रविवारी सामान घेऊन येणार होती. तोवर "जरा लक्ष असू द्या" असं तिने मावशींना सांगितलेलं. आधीच हौस, त्यात पडला पाऊस! मावशींनी भिंतीतून ऐकलं, दाराच्या फटीतून पाहिलं आणि फोन लावला.

"अगं, सामान बांधू नकोस बाई! रोज संध्याकाळी कुणी साहेब येतात. 'बसा' काय, 'घ्या' काय! दोन ग्लास मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. तो साहेब तेवढा दिसत नाही. लपून बसत असेल मेला!"

बायको त्याच संध्याकाळी आली, एकटी, हातात पिशवीसुद्धा न घेता. मागे मावशी. दार लोटलं तर हा डोळे मिटून माझ्यावर, समोर दोन ग्लास. तिचा चेहरा पडला. तिने वाकून एक ग्लास उचलला, वास घेतला. मग दुसऱ्याचा. तेवढ्यात मावशींनी पडद्यामागेही बघून घेतलं.

"पाणी आहे," बायको म्हणाली. "अहो, साहेब कोण?"

तो दचकला, ओशाळला. "कुणी नाही गं. तलफ. तिलाच साहेब म्हणतो. इतकी वर्षं तिने हुकूम सोडायचा आणि मी धावायचं. आता तिला नुसतं बसवून ठेवतो."

"दोस्त?"

"ते कधीच गेले. पाणी पाजलं की कोण थांबतंय?"

मावशींना आधी हसू फुटलं, मग रडू. बायको मात्र उभीच होती.

"आणि हे तुमचे साहेब कायमचे कधी जाणार?"

"खोटं नाही सांगत. येत राहतील. पण आले की उठूनही जातात, हे आता मला कळलंय."

तिने दोन्ही ग्लास जागेवर ठेवले. मग म्हणाली, "साहेबांना एवढा मान, आणि मी आले तर बसायलासुद्धा काही नाही?"

त्याने घाईघाईने मला आपल्याखालून ओढून तिच्यापुढे सरकवलं, आणि स्वतः फरशीवर बसला. त्या ओढाओढीत मी उलटी झाले. तळाचा रंगीत तुकडा वर आला. तिने त्यावरून हात फिरवला, मला हलकेच सुलटं केलं आणि ती बसली. रविवारी सामान आलं.

आता मी मधोमध चपटी झालेय. लेक माझ्यावर उड्या मारते, मावशी चहा घेऊन हक्काने माझ्यावर बसतात. साहेब अजून येतात, पण हल्ली फार टेकत नाहीत. माझं एकच मागणं आहे. शेजारच्या घरातून आवाज आले, तर कान लावा, माझी ना नाही. पण फोन लावण्याआधी एकदा दार वाजवा. आत कुणीतरी मोठ्या कष्टाने नुसतं बसलेलं असेल.