नंबर न फिरवता उचललेला रिसीव्हर

मी एक जुना टेलिफोन आहे, मित्रांनो. काळा, जडशीळ आणि खरं सांगायचं तर थोडा तोंडाळ! कारखान्यातून निघालो तो थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत, बातम्यांच्या टेबलावर. आग, अपघात, निवडणूक, सगळं आधी माझ्या कानावर पडायचं. त्यामुळे मी मोठ्या तोऱ्यात असायचो.

बातम्या तपासणाऱ्या प्रमुख बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांची एक अजब पद्धत होती. कुणी आत्महत्या केल्याची बातमी आली, की त्या नंबर न फिरवताच माझा रिसीव्हर उचलत आणि ती बातमी त्यात वाचत. "पलीकडे त्या घरातलं माणूस ऐकतंय असं समजायचं," त्या म्हणत. मला आपलं वाटायचं, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही!

एकदा एका विद्यार्थिनीची बातमी आली. वार्ताहराने कसं, कुठे, चिठ्ठीत काय, सगळं लिहिलं होतं. वर ठळक मथळा, 'नापास झाल्याने'. ताई रिसीव्हरमध्ये वाचू लागल्या आणि दुसऱ्याच ओळीला थांबून त्यांनी मला खाली ठेवलं.

"हे तिच्या आईला नाही रे ऐकवता येणार."

"अहो ताई, बाकीचे पेपर पहिल्या पानावर छापतील. आपण मागे पडू!" वार्ताहर म्हणाला.

"पडू दे. तिच्यासारखीच एखादी हे वाचत असली तर? नापास झालं की हाच रस्ता, असं आपण तिला सांगायचं?"

मथळा गेला, फोटो गेला, चिठ्ठी गेली. आतल्या पानावर थोड्याच ओळी उरल्या. खाली छापलं, 'मन जड झालं असेल तर बोला', आणि मदतीचा नंबर. वार्ताहर दिवसभर फुगून बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खणखणलो. त्यानेच उचललं. पलीकडे एका मुलीचा बारीक आवाज.

"त्या बातमीखालचा नंबर... आमच्या पेपरवर पाणी सांडलंय. शेवटचे आकडे सांगता?"

त्याने पेपर जवळ ओढला. त्याने आकडे सावकाश सांगितले, तिच्याकडून वाचून घेतले. मग म्हणाला, "घरात कोण आहे गं?"

"आई. आत आहे."

"बोलव तिला. मी थांबतो."

पावलं वाजली. "काय गं, काय झालं?" आणि ती मुलगी आईच्या गळ्यात पडून रडू लागली.

एवढ्या आगी, एवढ्या निवडणुका ऐकल्या, पण याहून मोठं काही माझ्या तारेतून कधीच गेलं नव्हतं.

आता माझी तार तोडलेली आहे. मी कपाटावर धूळ खात पडलेला असतो. तरी तशी बातमी आली, की तोच वार्ताहर, आता केस पिकलेला, मला खाली काढतो आणि रिसीव्हरमध्ये हळू आवाजात वाचतो.

मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण कुणाच्या मरणाबद्दल बोलण्याआधी एवढं करा. पलीकडे कुणीतरी ऐकतंय असं समजा. खरंच कुणीतरी ऐकत असतं.