मखमलीची लव

लुपस नावाच्या आजाराने तिचे सांधे धरले तेव्हा घरातले सगळे हळहळले. तो मेंदूत शिरला तेव्हा मात्र हळहळ आटली. नवऱ्याच्या शिवणाच्या दुकानात पंधरा वर्षं बिनचूक कात्री चालवणाऱ्या या बाईने एका दुपारी चाळीस बाह्या कापल्या, सगळ्या डाव्या. वर नवऱ्यालाच विचारलं, "तुम्ही कोण?"

मणक्यातलं पाणी तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोगाशी लढणारी प्रतिपिंडं यांच्याच मेंदूवर उठलीत. कुंपणच शेत खातंय."

औषधं लागू पडली. चार महिन्यांत डोकं लख्ख झालं, डॉक्टरीणबाईंनी तसं लिहूनही दिलं. पण धाकट्या दिराकडे गेलेली कात्री काही परत आली नाही. तिच्या पुढ्यात बटणांचा डबा आला.

मग बँडमास्तरांची वीस मखमली कोटांची ऑर्डर आली. कापड वाचवायला दीर तुकडे उलटसुलट मांडू लागला.

"भावजी, मखमलीची लव एकाच दिशेला हवी. नाहीतर एक बाही काळपट दिसेल, एक लालभडक."

दिराने भावाकडे पाहिलं. भावाने तिला विचारलं, "सकाळची गोळी घेतलीस ना?"

कोट शिवून झाले आणि अगदी तसंच झालं. नवरा शेजारी येऊन बसला, कधी नव्हे तो मऊ आवाजात. "तू कापलंस असं फोनवर सांगितलंय मी बँडमास्तरांना. आजाराचं कळल्यावर माणूस बोलत नाही. धाकट्याचं नाव आलं तर दुकान बसेल."

"आणि माझं नाव?"

"तुझं काय आता!"

चोर सोडून संन्याशाला फाशी! संतापाने तिचे हात थरथरले. ती थरथरही दोघा भावांनी आजाराच्याच माथी मारली.

बँडमास्तर आले तशी ती उठली. एका कोटाचं अस्तर उसवून तिने आतले खडूचे आकडे दाखवले. "हे अक्षर भावजींचं आहे. मी यातला एक तुकडाही कापलेला नाही. मी बरी आहे."

बँडमास्तर भला माणूस. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आकड्यांकडे पाहिलंही नाही. डोळे पुसत ते तिच्या नवऱ्याला म्हणाले, "किती सोसता हो तुम्ही! कोटांचं राहू द्या."

नवऱ्याने नुसती मान खाली घातली.