शनिवारी बिकलला नेलं

लेंडर्टला दाराची घंटा ऐकू येत नसे. सारा जन्म रोटरडॅमच्या गोदीत लोखंड ठोकण्यात गेला, कान तिथेच राहिले. घंटा वाजली की त्याचा कुत्रा बिकल भुंकायचा, त्याची विजार धरून ओढायचा, मग दार उघडायचं. बायको गेल्यावर घरात तेवढाच एक जीव होता. आणि त्याच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मार्लूसला नेमका तोच नको होता.

आमच्याकडे शेजारी भांडत नाहीत, संवाद करतात. त्यासाठी वस्तीचे मध्यस्थ असतात. हेडविगबाई आल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात बसल्या, कारण मी तळमजल्यावरची, म्हणजे तटस्थ. कॉफी, प्रत्येकी एकच बिस्किट, आणि नियमही एकच: आवाज चढवला की पाळी गेली.

“बिकल फक्त घंटा वाजल्यावर भुंकतो!” लेंडर्ट म्हणाला. बहिरा माणूस बोलतो तसाच, अख्खी गल्ली ऐकेल असा.

“लेंडर्ट, तुमचा राग मी समजू शकते,” हेडविगबाई म्हणाल्या. “आता पाळी मार्लूसची.”

राग कसला डोंबलाचा! त्याचं कानातलं यंत्र शिट्टी मारत होतं. बाईंनी हसून कानाकडे बोट दाखवलं. लेंडर्ट ओशाळला. यंत्र काढून त्याने खिशात टाकलं.

मग मार्लूस बोलली, अगदी लोण्यासारखं. “मला बिकलची फार काळजी वाटते. फ्रीसलंडला माझ्या मावसबहिणीचं शेत आहे. शनिवारी त्याला तिकडेच राहायला सोडते. तुमचीही दगदग वाचेल. चालेल ना?”

ती हसली. लेंडर्टही हसला आणि त्याने मान डोलावली.

“अहो, त्याला एक अक्षर ऐकू येत नाहीये!” मी टेबलावर हात आपटला.

“नेल, तुम्ही जरा बाहेर थांबता का, प्लीज?”

माझ्याच घरातून मला बाहेर काढलं, तेही प्लीज म्हणून. आत आले तेव्हा दोघं हात मिळवत होती.

जिन्यात मी त्याला यंत्र घालायला लावलं आणि सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“जा वर,” मी म्हटलं. “सांग त्या भवानीला, कळलंच नव्हतं म्हणून.”

“हात दिलाय मी, नेल.”

“हातच दिलायस ना? मुंडकं नाही!”

“आम्हा गोदीवाल्यांत दिलेला हात कुणी मागे घेत नाही.” तो कठड्याला धरून उभा राहिला. “ओरडली असती तर ऐकू आलं असतं गं. नाही म्हणालो असतो.”

शनिवारी त्यानेच बिकलला विंचरलं आणि पट्टा तिच्या हातात दिला. मार्लूसने लेंडर्टला मिठी मारली. तिचे डोळेही भरून आले, मेलीचे.

सोमवारी वर लेंडर्टच्या दाराची घंटा वाजत राहिली. बऱ्याच वेळाने मार्लूस केकचा डबा घेऊन माझ्या दारात आली.

“नेल, ते दारच उघडत नाहीत. मी एवढी नीट वागले, आणि ते मनात धरून बसलेत. मला खरंच दुखावल्यासारखं वाटतंय. हेडविगबाईंना पुन्हा बोलवू या?”