मातेच्या डोहातली मरळ

शालिकराम पाण्याला कधी भ्याला नव्हता. कन्हानच्या पुरात वाहून चाललेली म्हैस त्याने एकट्याने काठाला लावली होती, आणि जाळ्यात गुंतलेला नाग शिव्या देत देत हाताने सोडवला होता. असा हा गडी एक्क्याऐंशी सालच्या भाद्रपदात नागपूरला रामदासपेठेतल्या एका कॉलेजच्या बाकावर बसला होता आणि त्याचे गुडघे काही केल्या थांबत नव्हते. पोरंपोरी पुस्तकं छातीशी धरून हसत समोरून जात होती.

भीती कशाची, तर मासळीची. खापा गावाच्या वरच्या अंगाला कन्हान नदीत दोन डोह आहेत. खालचा मासे धरणाऱ्या ढिवरांच्या वस्तीला लागून, रोजच्या जाळ्याचा. वरचा खडकाळ धारेपलीकडे, बराच लांब, देवीच्या नावाने राखलेला, मातेचा. मातेच्या डोहात जाळं टाकायचं नाही, हा वाडवडिलांपासूनचा नेम. आणि दुसरा नेम मरळ माशाचा. पावसाळ्यात मरळीची जोडी आपल्या लाल पिलांच्या घोळक्याखाली राखण करत फिरते. तेव्हा ती पिलांना सोडून पळत नाही, आंधळ्यालाही सापडेल. म्हणूनच तेव्हा तिला हात लावायचा नाही.

गेल्या पावसाळ्यात हा दुसरा नेम मोडला, आणि मोडला तो शालिकरामने. ढिवरांच्या सोसायटीचा अध्यक्ष तोच. भाव चढा होता, घरोघरी गरज होती. लोक कचरत होते, तर यानेच छाती पुढे काढून सांगितलं होतं की वर मातेचा डोह भरलेला आहे, एक पूर आला की मातेची लेकरं खाली उतरतील, नदी का दोन आहेत? लोकांना तेच ऐकायचं होतं. आईबाप उचलले, मागे पिलं इतर माशांनी खाल्ली. यंदा पूर येऊन गेला, आणि खालच्या डोहात जाळं टाकावं तर नुसता पाला वर येत होता.

आता वस्तीतला कवडू म्हणत होता, माता आपल्याकडे येत नाही तर आपण मातेकडे जाऊ. संध्याकाळी बैठक होती आणि सकाळी वरच्या डोहात जाळी पडायची होती. त्याआधी एक गोष्ट कळायला हवी होती. कॉलेजात मत्स्यशास्त्र शिकवणारे आनंदराव उन्हाळ्यात आले होते आणि दोन्ही डोहांतल्या मरळी एकाच कुळातल्या आहेत का ते तपासायला मासे घेऊन गेले होते. ते मासे शालिकरामनेच धरून दिले होते. एकच कूळ निघालं, तर आज ना उद्या वरचा मासा खाली येईल आणि लोकांना थोपवता येईल. दोन निघाली, तर काय, ते त्याला मनातही धरवत नव्हतं.

आनंदरावांनी त्याला आत नेलं. काचेच्या पट्टीवर खळीसारखा पातळ थर होता आणि त्यावर निळे पट्टे. माशाच्या मांसाचा रस या थरात ठेवून वीज सोडायची, मग ज्या त्या कुळाचा पट्टा ज्याच्या त्याच्या जागी जाऊन थांबतो, असं त्यांनी समजावलं. वरच्या डोहाचे पट्टे एका रेषेत होते. खालच्याचे त्याहून बोटभर पुढे. हा सूर्य आणि हा जयद्रथ.

"मिसळ कुठंच नाही, शालिकरामजी," आनंदराव म्हणाले. "वरची मरळ खाली उतरतच नाही. कितीतरी पिढ्यांत उतरली नसावी."

मग खालच्या कुळातली कुठे उरली असेल, असं शालिकरामने विचारलं. आनंदराव म्हणाले, तेच मी तुम्हाला विचारणार होतो.

तेव्हा त्याला उन्हाळ्यातले ते दिवस आठवले. खालच्या डोहातल्या मरळी धरायला केवढा खटाटोप करावा लागला होता. मुळ्यांत दडून बसल्यात, असं वाटलं होतं, आणि शेवटी सापडल्या तेव्हा आपल्या हातगुणावर तो खूशही झाला होता. त्या दडल्या नव्हत्या. तेवढ्याच होत्या.

निघताना आनंदरावांनी एकच सांगितलं. वरचा डोहही तसाच एकटा आहे, तो रिकामा झाला तर त्याला भरायला कुठूनही काही येणार नाही. तो राखला, तर पुढे त्यातली थोडी पिलं खाली आणून वाढवता येतील.

सावनेरवरून जाणाऱ्या बसमध्ये तो बैठकीत काय बोलायचं ते जुळवत बसला. लोक मारतील ही भीती होतीच, पण मार खाल्लेला माणूस परत उभा राहतो. लोक ऐकणार नाहीत, ही भीती मोठी होती. मग त्याला सोपी वाट सुचली. स्वप्नात माता आली, डोळे वटारून म्हणाली, खबरदार. एवढं म्हटलं की कवडूही कान पकडेल, आणि आपली चूक कायमची झाकून जाईल. पण गेल्या साली मातेचंच नाव घेऊन त्याने डोह रिकामा केला होता. तेच नाव परत तोंडात घ्यायला त्याची जीभ वळेना.

बैठकीत त्याने सगळं सांगितलं. कवडू खांद्यावर जाळं घेऊनच आला होता.

"मंग खालची मरळ गेली कोठी गा?" त्याने विचारलं.

"आपून खाल्ली. उरली ते मी नागपूरले नेऊन कापाले देल्ली. आता वरची गेली त माता बी कोठून देईन, बापा?"

मग कवडू उठला, जवळ आला. शालिकरामने डोळे मिटले. कवडूने जाळं त्याच्या पायाशी टाकलं.

"हे तुह्या घरी ठेव," तो खालच्या आवाजात म्हणाला. "माह्या घरी राह्यलं, आन् पोरं उपाशी झोपले, त मी वर जाईन. मले माहा भरोसा नाही."

मग एकेक जण उठला. कोणी रागाने, कोणी मान खाली घालून, पण जाळी आणून टाकत गेले. दिवेलागणीला सगळ्या वस्तीची जाळी शालिकरामच्या ओसरीवर आली. त्याला वाटलं, सुटलो. त्याची बायको मनकर्णा दारात उभी राहून तो ढीग बघत होती. तिच्या मागे खुंटीला त्याचं स्वतःचं जाळं टांगलेलं होतं.

"आन् तुमचं कोणाघरी ठेवता जी?" तिने विचारलं.

बाकीच्यांच्या पोरांसारखीच त्याचीही पोरं होती, आणि गेल्या साली पहिलं जाळं त्याचंच पडलं होतं. त्याने ते खुंटीवरून काढलं आणि कवडूच्या घराकडे निघाला.