'टी'च्या जरा खाली

कितबोक गुरुवारी पहाटे गेला आणि शुक्रवारी सकाळी दहाला त्याची मुलगी बानरी द्रोसिलाच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजले होते, पण बोलणं नेमकं होतं.

"काँग, उद्या दुपारी एकला पापांना घरातून न्यायचं आहे. प्रार्थनेनंतर क्वायरनं त्यांचं गाणं म्हणावं, असं मला वाटतं. चर्चमधलं नाही, बँडमधलं. 'वान शा इंग'."

काँग म्हणजे ताई, बाह म्हणजे दादा; खासी माणसं वडीलधाऱ्यांना तसंच म्हणतात. द्रोसिलानं तिला आत घेतलं, लाल चहा दिला. शिलाँगमधल्या जायावच्या चर्चचा क्वायर ती चौतीस वर्षं चालवत होती. त्यातली बावीस वर्षं कितबोक तिच्या टेनरांत, उंच पट्टीच्या पुरुषांत, उभा होता, दुसऱ्या ओळीत, डावीकडून तिसरा. बानरीला बाप ठाऊक होता तो एवढाच: सरकारी कचेरीतला टायपिस्ट आणि रविवारचा टेनर. त्याच्या आधीचा कितबोक, 'स्लॅप' या बँडचा गायक, तिनं कधी ऐकलाच नव्हता. तिच्या जन्माआधीच बँड मोडला होता.

"बाह रॅन्सम म्हणतात, टेप कुणाकडेच नाही. पण तुम्ही गाणं लिहून घेतलं होतं."

"घेतलं होतं."

"मला फक्त एकदा ऐकायचंय, काँग. हे सगळे ज्याच्याबद्दल बोलतात ना, ते."

बानरी गेल्यावर द्रोसिलानं कपाटातली काळी वही काढली. खासी क्वायर पाच रेघांवरचे ठिपके वाचत नाहीत. मिशनऱ्यांनी शिकवलेली अक्षरं वाचतात: डो, रे, मी, फा, सो, लाह, टी, म्हणजे सा रे ग म प ध नी. आठव्या पानावर, जांभळ्या शाईत, 'वान शा इंग' होतं. घरी ये. तिसऱ्या ओळीच्या शेवटी 'इंग', म्हणजे घर, या शब्दावर 'टी' लिहिला होता. त्या जागी कागद पातळ झाला होता. आधी तिथं काहीतरी दुसरं होतं आणि ते ब्लेडनं खरवडून काढलं होतं.

तिनं पान जसंच्या तसं उतरवलं आणि छापखान्यातून चाळीस प्रती काढून आणल्या.

*

दुपारी तीनला क्वायर बानरीच्या घरी जमला. आतल्या खोलीत कितबोक होता, बाहेरच्या खोलीत बाकं लावली होती आणि मागच्या अंगणात, चुलीवरच्या मोठ्या किटलीभोवती, 'स्लॅप'ची माणसं बसली होती. बँडच्या जुन्या सोबत्यांना आणि चाहत्यांना दुसरं नाव नव्हतं. बँड पाच वर्षं चालला. त्या काळात शिलाँगमधला प्रत्येक बँड विलायती गाणी हुबेहूब वाजवण्यात धन्यता मानत असताना 'स्लॅप' खासीत गायचा, म्हणून मोठ्या सभागृहांनी त्यांना कधी विचारलं नाही. ते वाजवायचे फुटबॉलच्या मध्यंतरात, शाळेच्या जत्रेत, आणि सर्वांत जास्त काँग मिल्ड्रेडच्या जाडोहच्या, म्हणजे मांस घातलेल्या भाताच्या, दुकानामागे. त्यांच्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमाला, मिल्ड्रेडच्या हिशेबानं, एकशे चाळीस माणसं होती. आपण तिथे होतो असं सांगणारे आज शिलाँगमध्ये दोन हजार तरी निघतील.

"एकशे चाळीस का म्हणतेस? तीनशे होती," बाह रॅन्सम म्हणाला. तो वीज खात्यातून निवृत्त झालेला, बँडचा पहिल्या दिवसापासूनचा भक्त.

"ताटं मी वाढली की तू?" मिल्ड्रेडनं विचारलं. "आणि तीनशेतल्या निम्म्यांना दिसलं तरी काय असेल? तू दिवे घालवले होतेस."

"मी घालवले नाहीत. दिवे गेले. मी बेकरीतून तार ओढून आणली म्हणून निदान गिटार तरी चालली."

"आणि सकाळी सगळ्या जायावला पाव मिळाला नाही."

हसू फुटलं आणि आतल्या खोलीची आठवण होऊन लगेच विरलं. द्रोसिला दारात उभी राहून ऐकत होती.

"दोनदा मी टेप करायला गेलो," रॅन्सम बानरीला सांगत होता. "पहिल्यांदा बॅटरी संपली. दुसऱ्यांदा टेप पूर्ण भरली, घरी येऊन लावली, तर नुसता कुत्रा. पाऊण तास कुत्रा! पाठीमागे कुठेतरी ढोल वाजतोय असा भास. तो कुत्रा कुणाचा होता सांग, मिल्ड्रेड?"

"माझ्या कुत्र्याला सूर होता. तुझ्या टेपला नव्हता."

"पापा कसे दिसायचे गाताना?" बानरीनं विचारलं.

मग मिल्ड्रेड म्हणाली, "दिसायचा नाही तो. खाली मान घालून गायचा. लाजाळू. मी एकदा ओरडले, 'अरे, तोंड वर कर, आम्ही काय तुझ्या बुटांची गाणी ऐकायला आलोय?' त्यानं वर पाहिलं आणि पुढची ओळ विसरला. त्यानंतर मी कधी ओरडले नाही. पण 'इंग' म्हणायची वेळ आली ना, की सगळं अंगण गप्प व्हायचं. उचललेला घास हातात राहायचा. खरं सांगते."

कोपऱ्यात स्तोदार बसला होता. बँडचा ढोलवाला. आता त्याला कमी ऐकू यायचं. त्यानं नुसती मान हलवली.

"कलकत्त्याच्या स्पर्धेत काय झालं होतं?" बानरीनं विचारलं.

ही गोष्ट रॅन्समची होती. शहरात कुणीही विचारलं, तरी रॅन्समकडेच बोट दाखवलं जायचं. "सगळ्या देशातले चौदा बँड," तो म्हणाला. "छापील पत्रिकेत 'स्लॅप'चा अर्थ दिला होता 'थप्पड'. आपल्या भाषेत 'स्लॅप' म्हणजे पाऊस, हे विचारायचीसुद्धा तसदी घेतली नाही त्यांनी. आणि तिसऱ्या ओळीला, नेमक्या त्या सुराला, माइक बंद पडला. परीक्षकांना ऐकूच गेलं नाही! नाहीतर तुझा बाप, पोरी, आज कुठल्या कुठे असता. अकरावा नंबर. माइकमुळे."

द्रोसिला आत वळली.

*

क्वायरनं अंत्यविधीची दोन गीतं म्हटली आणि मग नवा कागद हाती घेतला. त्यांना वाचायला अडचण नव्हती. पहिल्याच वेळी चारही आवाज जुळले. तिसऱ्या ओळीच्या शेवटी 'टी' लागला, स्वच्छ, सरळ, भिंतीवर खिळा ठोकावा तसा.

गाणं संपल्यावर मागच्या दारात रॅन्सम उभा होता.

"छान झालं," तो म्हणाला. मग थांबला. "पण काँग, हे ते नाही."

"शब्द तेच आहेत, बाह."

"शब्द तेच. चालही तीच. पण हे गाणं धुवून इस्त्री करून आणलंय. तो जो सूर होता, 'इंग'वरचा, तो असा नव्हता."

"मग कसा होता?" बानरीनं विचारलं.

रॅन्समनं गाऊन दाखवलं. मिल्ड्रेड म्हणाली, "छे, एवढा खाली नाही," आणि तिनं वेगळाच लावला. क्वायरमधली तरुण मुलं एकमेकांकडे पाहून हसू दाबायला लागली. स्तोदारला काय चाललंय ते हातवाऱ्यांवरून कळलं असावं. त्यानं एक हात छातीशी आडवा धरला, दुसरा त्याच्या वर, आणि दोघांच्या मधल्या पोकळीकडे हनुवटीनं खूण केली. मग त्यानं द्रोसिलाकडे पाहिलं. ते पाहणं लांबलं.

तिला म्हणता आलं असतं की इतक्या वर्षांनी कान दगा देतात. सगळ्यांनी मानलं असतं. तिच्या कानाबद्दल शहरात कुणाला शंका नव्हती.

"बाह रॅन्समचं बरोबर आहे," ती म्हणाली. "कितबोक 'टी' लावत नव्हता. 'टी'च्या जरा खाली लावायचा. मला तो लिहिता आला नाही. त्याला अक्षर नाही. आधी मी 'टी' लिहून खाली बाण काढला होता, मग तो खरवडला."

"का?"

"कारण मला वाटलं, तो बेसूर आहे."

खोलीत क्वायरची चाळीस माणसं होती. ती आपल्या मास्तरीणबाईंकडे पाहत राहिली.

"माइक बंद पडला नव्हता," द्रोसिला पुढे म्हणाली. "मी त्या सभागृहात होते. कलकत्त्याला मी त्यांचे सूर पक्के करून घ्यायला त्यांच्याबरोबर गेले होते, हे सर्वांना ठाऊक आहे. गुवाहाटी स्टेशनावर गाडीला दोन तास उशीर होता. ते दोन तास मी कितबोककडून तो एक सूर घोटून घेतला. तो हसत होता. म्हणाला, 'काँग, खासी पुरुषाचं घर कुठलं? आईचं घर वारशानं धाकट्या बहिणीचं. रात्री निजतो ते बायकोचं. दोन्हीकडे पाहुणा. मग 'घर' या शब्दावर मी पाय घट्ट रोवून कसा उभा राहू?' मी म्हटलं, 'हे गप्पांत ठीक आहे. परीक्षक गप्पा ऐकत नाहीत.' त्यानं ऐकलं माझं. कलकत्त्याला त्यानं 'टी' लावला. अगदी आत्ता तुम्ही लावलात तसा. माइक उत्तम चालू होता. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या बँडची वाट पाहायला लागले."

"पण कितबोकनंच सांगितलं मला," रॅन्सम म्हणाला. "बसमधून उतरल्या उतरल्या."

"उतरताना त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग तुम्हाला माइकचं सांगितलं. मी गप्प राहिले. स्तोदारही."

रॅन्समच्या कपाळावरची शीर दिसायला लागली. "तेहेतीस वर्षं मी ही गोष्ट सांगतोय, काँग. लग्नांत, मयतांत, टॅक्सीत. त्या कलकत्त्याच्या माणसांना शिव्या देत."

"माहीत आहे. पुष्कळदा मी तिथेच बसलेली असायचे."

"आणि मला मूर्ख बनवत होतात."

"हो."

रॅन्सम टोपी उचलून अंगणातून, चुलीला वळसा घालून, निघून गेला. मिल्ड्रेडनं त्याला हाक मारली नाही.

बानरी बाकाच्या टोकावर बसली होती. "पुढे काही वर्षांनी ते तुमच्या क्वायरमध्ये आले," ती हळूच म्हणाली. "बावीस वर्षं."

"बावीस वर्षांत एकदाही सूर चुकला नाही त्याचा. माझा सर्वांत पक्का टेनर."

"रागावले होते का ते तुमच्यावर?"

"मी विचारलं नाही कधी," द्रोसिला म्हणाली. "दर रविवारी विचारता आलं असतं."

आतल्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. मग बानरीनं कागद उचलला. ती त्याच्याकडे, अनोळखी माणसाच्या पत्राकडे पाहावं तशी, पाहत होती.

"उद्या मग काय म्हणणार तुम्ही?"

"ह्यांना तो सूर येणार नाही. तो टाळायलाच मी ह्यांना शिकवलंय. एका दिवसात विसरणार नाहीत." द्रोसिलानं आपल्या प्रतीवर, 'इंग'वरचं अक्षर पेनानं खोडलं. "क्वायर इथं थांबेल. पुढचा शब्द ज्यांनी ऐकलाय ते म्हणतील."

"कोण, आम्ही?" मिल्ड्रेड दचकली. "अगं बाई, मी सूर लावला की ताटावरून माणसं उठतात."

"आत्ता तुम्हीच म्हणालात ना, एवढा खाली नाही म्हणून? म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे."

*

शनिवारी गल्ली भरली होती. शेजारी होते, कचेरीतले होते, आणि ज्यांना क्वायरमधलं कुणी ओळखत नव्हतं अशी, साठीच्या आसपासची पुष्कळ माणसं होती. पाद्रींची प्रार्थना संपली. द्रोसिलानं हात उचलला.

पहिली ओळ, दुसरी, तिसरी. 'वान शा' म्हणून क्वायर थांबला.

कुणीच गायलं नाही. एक मात्रा गेली, दुसरी गेली. मग स्तोदारनं, ज्याला स्वतःचाही आवाज धड ऐकू येत नव्हता, तोंड उघडलं. त्याच्या मागोमाग मिल्ड्रेड, मग दारातली माणसं, मग गल्ली. कुणाचा सूर कुणाशी जुळत नव्हता. कुणी वर होतं, कुणी फार खाली, काही मधेच घसरत होते. चौतीस वर्षांत असा आवाज तिनं क्वायरच्या आसपासही फिरकू दिला नव्हता. तिचा उजवा हात सवयीनं, त्यांना वर खेचायला उचलला गेला. तिनं तो डाव्या हातानं धरून खाली आणला.

दुसऱ्या कडव्यात गल्ली थांबली नाही, वेळेवर आली. तिसऱ्यात, शवपेटीच्या उशाशी उभी असलेली बानरीही गायली. ती कुठला सूर गायली ते एवढ्या आवाजांत कळलं नाही. रॅन्सम फाटकाशी पाठमोरा उभा होता. त्याचे ओठ हलत होते की नाही, हे द्रोसिलाला शेवटपर्यंत दिसलं नाही.

माणसांनी पेटी उचलली. दफनभूमीकडे जाणारी वाट चढाची आहे. द्रोसिला गुडघ्यांमुळे मागे पडत गेली. वळणावर रॅन्सम थांबलेला होता. ती बरोबरीला आल्यावर तो चालायला लागला, तिच्याकडे न बघता, तिच्या चालीनं.

चढ संपता संपता तो म्हणाला, "दुसऱ्या कडव्यात तुमचे टेनर घाई करत होते."

"करत होते," द्रोसिला म्हणाली. "त्यांना धरून ठेवणारा आज नव्हता."