मखमलीच्या पेटीतली लेन्स

पहिल्यांदा वाटलं, केस असेल कुणाचा तरी. काचेच्या कडेला एक बारीकसा पांढरा धागा. पण केस असता तर बाहेरून चिकटला असता आणि एका फुंकरीत उडाला असता. हा आत होता. माझ्या दोन काचांच्या मधे, जिथे बोटच काय, फुंकरसुद्धा पोचत नाही.

मी दचकले. मी एक लेन्स बोलतेय, जुन्या कॅमेऱ्याची, मुठीत मावेल एवढी. दचकणं माझ्या स्वभावातच आहे. पाठीमागे शटर खाडकन पडायचं तेव्हा दर वेळी मी आतल्या आत थरथरायचे. हजारो फोटो काढले, पण सवय काही झाली नाही. हे दचकणं मात्र वेगळं होतं. दुसऱ्या आठवड्यात त्या धाग्याला फांदी फुटली. तेव्हा कळलं, ही बुरशी आहे. बुरशी काच खाते. एकदा काचेवर तिचा व्रण उमटला, की मी आंधळीच.

तसा माझा जन्म फार जपून झाला होता. पांढरा अंगरखा घातलेल्या एका बाईनं माझ्या सहा काचा एकेक करून पुसल्या, श्वास रोखून एकमेकींवर बसवल्या. मग मी एका फोटोग्राफरच्या स्टुडिओत आले. गल्लीच्या कोपऱ्यावरची एकच खोली. एका बाजूला उंच खिडकी, तिच्यावर पातळ पांढरा पडदा. समोर गोल स्टूल. भिंतीवर आरसा आणि आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा, कारण आधीचे तीन कंगवे गिऱ्हाइकांच्या खिशातून निघून गेले होते.

माणसं मोठी गमतीची असतात. रस्त्यावरून हसत यायची, कंगवा फिरवायची आणि स्टुलावर बसली की थेट लाकूड व्हायची. फोटोग्राफर त्यांना "हसा" असं कधीच म्हणत नसत. एकदा बटण दाबायचे आणि सांगायचे, "झालं! उठा आता." माणूस सुटकेचा श्वास सोडायचा, खांदे खाली यायचे, डोळ्यांत तो स्वतः परत यायचा. तेवढ्यात ते दुसऱ्यांदा दाबायचे. छापायचा तो हाच फोटो.

त्यांची मुलगी शाळेतून थेट स्टुडिओत यायची. तिला सगळ्याचीच घाई, म्हणून बाबांनी नाव ठेवलं होतं घाईताई. तिच्या हातात मी पहिल्यांदा आले तेव्हा समोर तिचा मामा उभा होता.

"बाबा, नीट येतच नाही!"

"इतक्या लांबून कसा येईल? दोन पावलं पुढे हो. अजून एक. मामा चावत नाही."

"आता काढू?"

"आधी त्याच्या मागे बघ. डोक्यातून नळ निघालाय बिचाऱ्याच्या. जरा डावीकडे सरक. हं. कोपरं पोटाशी घट्ट. श्वास सोड आणि मग दाब."

"आणि फोकस कुठे करू?"

"डोळ्यावर. जो जवळ आहे त्या डोळ्यावर. डोळा स्पष्ट आला की नाक-कान थोडे चुकले तरी माणूस माफ करतो."

मामा म्हणाला, "माझं नाक चुकलंच तर बरं होईल."

असंच ती शिकत गेली. वरचा दिवा बंद करून माणसाला खिडकीपाशी तिरकं बसवायचं, म्हणजे चेहऱ्याला उजेड आणि सावली दोन्ही मिळतात. लहान मुलाचा फोटो काढायचा तर आपण जमिनीवर बसायचं, नाहीतर नुसती टाळू येते. माझ्या आतल्या पात्याही तिला कळल्या. त्या पूर्ण उघडल्या की मागचं सगळं विरघळतं आणि चेहरा तेवढा उरतो. मिटत आणल्या की मागच्या रांगेतल्या आत्याही स्पष्ट दिसतात. आत्यांना ते नेहमीच आवडायचं असं नाही.

काय दिवस होते ते!

मग मुलगी नोकरीसाठी दूर गेली. माणसांच्या हातात फोन आले, स्टुलावर धूळ साचली, बाबांचे हात थरथरू लागले. स्टुडिओ बंद केला त्या दुपारी त्यांनी मला मऊ कापडानं पुसलं, मखमलीत गुंडाळलं, चामड्याच्या पेटीत ठेवलं आणि पेटी कपाटात, लोकरी कपड्यांच्या मागे.

"पोर येईल तेव्हा तिच्या हातात देईन," ते म्हणाले. "तोवर हिला वारासुद्धा लागू द्यायचा नाही."

मुलीची आई म्हणायची, "अहो, अधूनमधून उघडा तरी. कपाटात ओल येते. जरा ऊन दाखवा तिला."

"लेन्सला ऊन? गादी आहे का ती?"

एवढं प्रेम होतं हो त्यांचं! त्या प्रेमानंच माझा घात केला. अंधार, ओल, चामडं आणि मखमल म्हणजे बुरशीचं माहेरघर. कपाटाचं दार वाजलं की मी जिवाच्या आकांतानं हाका मारायचे. एक हात यायचा, स्वेटर काढायचा, दार लावायचा. अकरा वर्षं हेच.

मागच्या आठवड्यात मुलगी आली, पहिल्यांदाच सवडीनं. सगळे आल्बम जमिनीवर पसरून बसली आणि एकेक पान उलटत गेली.

"आई, यात बाबांचा एकही फोटो नाही."

"कसा असेल? काढायला तेच असायचे ना."

तिनं फोन काढला. बाबा खुर्चीत बसले ते थेट लाकूड होऊन. "याच्यावर नको," ते कपाटाकडे बघत म्हणाले. "तुला काढायचाच असेल तर तिच्यानं काढ."

पेटी उघडली. उजेड अंगावर आला आणि मी पुन्हा दचकले. मुलीनं मला खिडकीपाशी धरलं, आरपार पाहिलं.

"बाबा, आत जाळं धरलंय."

बाबांनी मला हातात घेतलं. "मी तर इतकं जपलं गं हिला."

आईनं बाबांकडे पाहिलं आणि उठून खिडकीचा पडदा सारला.

मुलीनं लगेच लेन्स दुरुस्त करणाऱ्यांना फोन लावायला सुरुवात केली. पहिला म्हणाला, "जुनी लेन्स? फेकून द्या, नवी घ्या." दुसऱ्याकडे नुसतीच रिंग वाजत राहिली. तिसऱ्यानं हे काम कधीच सोडलं होतं. बाबा म्हणाले, "असू दे गं. फोनवरच काढ. मी हसेन हवं तर."

"नको. तुमचा फोटो हिच्यानंच काढायचाय मला."

आता मी खिडकीत उन्हात पडलेय आणि ती चौथा नंबर फिरवतेय. तेवढ्यात तुम्हाला विनवते. तुमच्या कपाटात माझी एखादी बहीण असेल तर आजच बाहेर काढा. तिला उजेड दाखवा, हवा लागू द्या, पेटीत ओल शोषणारी पुडी ठेवा. आणि मुख्य म्हणजे तिच्यानं फोटो काढा. आम्हाला जपायचं असेल तर आमच्यातून बघत राहा.

रिंग वाजतेय. मुलगी ओठ चावतेय. बाबा खुर्चीतून उठून तिच्यामागे येऊन उभे राहिलेत. आठवी रिंग. नववी. जाळं काचेत उतरलंय की वरवरच आहे, हे मला उघडल्याशिवाय कुणालाच कळणार नाही.

खट्.

"हं, बोला," पलीकडून एक म्हातारा आवाज आला. मुलीनं एका दमात विचारलं. "लेन्स ना? उघडतो की अजून. कोणती आहे?"