डावा समास

छापखान्यात सगळे त्यांना वेलांटीबाई म्हणत. तीस वर्षं त्या प्रुफं तपासत होत्या. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांच्या तावडीतून सुटणं कठीण. मेंदूत गुठळी झाली तेव्हा बोलणं शाबूत राहिलं, डावा हातही हळूहळू हलू लागला. घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला मात्र त्या सुनेवर उखडल्या.

"भाजी वाढायला हात आखडतो का गं तुझा?"

सुनेने पाहिलं. ताटाची उजवी बाजू चाटूनपुसून साफ, डावीकडे भाजी तशीच. तिने ताट फिरवलं.

"आता कुठून आली ही?" बाई चक्रावल्या.

सुनेला शंका आली. तिने एक प्रूफ त्यांच्यापुढे ठेवलं. प्रत्येक ओळीच्या शेवटाकडच्या चुका टिपलेल्या, सुरुवातीला पेन लागलेलंच नाही. आणि बाई म्हणत होत्या, "घे, एकदम चोख!"

डॉक्टरांनी समजावलं, "डोळे ठणठणीत आहेत. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालीय, म्हणून तो डाव्या बाजूची दखलच घेत नाही. काही राहून गेलंय, हेही त्याला कळत नाही."

बाई म्हणाल्या, "ती बाजू शोधायची कशी, तेवढं सांगा. पुढचं मी बघते."

डॉक्टरांच्या सांगण्यावरून सुनेने पानाच्या डाव्या समासात लाल पट्टी चिकटवली. लाल दिसल्याशिवाय ओळ वाचायची नाही. तीन ओळींतच बाईंचं डोकं भणभणलं. त्यांनी पेन भिरकावलं.

"मला काय बालवाडीत घातलंय?"

"आई, पेन डावीकडे पडलंय," सून शांतपणे म्हणाली. "शोधा."

मान वळवत, टेबल चाचपत, पुटपुटत बाईंनी ते शोधलंच.

पाच महिने रोज सकाळी दोन पानं. सून मागून तपासायची. सुटलेल्या चुका सतरा, मग अकरा, मग पुन्हा चौदा. चौदाच्या दिवशी बाई रडल्या, तोंड धुऊन आल्या आणि तिसरं पान मागितलं.

अखेर छापखान्याच्या मालकांनी खरं काम पाठवलं. पूर्वी दिवसाला चाळीस पानं व्हायची, आता जेमतेम आठ झाली. संध्याकाळी मालकांचा फोन आला.

"बाई, एक चूक राहिलीय."

"डावीकडे?"

"नाही, उजवीकडे."

"हात्तिच्या! मग ती म्हातारपणाची," बाई म्हणाल्या. "उद्याची पानं सकाळीच पाठवा."